अंगावर उठणारं पित्त: खाणं सोडलं, तरी का थांबत नाही?

पारोळा तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. वय 36. चार महिन्यांपासून रोज दिवेलागणीला अंगावर पित्त उठतं. परकराची नाडी बसते तिथे, काखेत, मांड्यांवर लाल गांध्या येतात, खाजवून जीव नकोसा होतो, आणि सकाळी पाहावं तर अंग साफ. एकदा वरचा ओठ सुजला होता. त्यांनी आधी वांगं सोडलं, मग तूरडाळ, दाणे, दही, अंडं. रक्ताची ॲलर्जी तपासणी केली, त्यात सतरा पदार्थांपुढे 'पॉझिटिव्ह' आलं. गोळी खाज सुटली की घेतात. दोनदा इंजेक्शन घेतलं, तेवढे चार दिवस बरे गेले. सासूबाई म्हणतात रक्त खराब झालंय. ताईंचा प्रश्न: हे नेमकं कशामुळे होतंय, आणि आयुष्यभर असंच राहणार का?

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण रात्री झोप त्यानेच उडालेली असते. नाही, सहसा हे आयुष्यभर राहत नाही. बऱ्याच जणांचं एक ते पाच वर्षांत आपोआप थांबतं. थोड्या जणांना जास्त काळ लागतो. पण तोवर रोज खाजवत बसायची गरज नाही. आजार स्वतःच्या गतीने जाईल तोपर्यंत गांध्या आटोक्यात ठेवण्याची सोय आज औषधांत आहे.

आता कारणाकडे येतो. आधी तो 'पित्त' शब्द बाजूला ठेवू. इतक्या वर्षांत आमच्याकडे आलेल्या निम्म्या लोकांच्या पिशवीत ॲसिडिटीच्या गोळ्या निघाल्या आहेत. नावात पित्त आहे म्हणून लोक जळजळीचं औषध घेतात, सकाळी मीठपाणी पिऊन उलट्या काढतात. आयुर्वेदात याला शीतपित्त म्हणतात, उदर्द आणि कोठ ही त्याचीच भावंडं, आणि आपल्या बोलीत तेच नाव रुळलं. पण पोटातल्या आम्लाचा किंवा यकृतातल्या पित्तरसाचा या गांध्यांशी संबंध नाही. सासूबाईंना आदराने सांगा, रक्तही खराब झालेलं नाही.

होतं ते असं. कातडीत, बारीक रक्तवाहिन्यांच्या कडेने, मास्ट पेशी नावाच्या पेशी बसलेल्या असतात. त्यांच्या पोटात हिस्टामिन नावाच्या रसायनाच्या पुड्या भरलेल्या असतात. काही कारणाने या पेशी चिडल्या की पुड्या फुटतात. हिस्टामिनमुळे रक्तवाहिन्या सैल होतात, त्यातलं पाणी आजूबाजूला झिरपतं, कातडी फुगून वर येते, आणि मज्जातंतू खवळले की खाज सुटते. गांधीलमाशी डसल्यावर जी गांधी उठते तीच ही, फक्त इथे माशी नसते. झिरपलेलं पाणी काही तासांत परत शोषलं जातं आणि कातडी पूर्ववत होते, डागही राहत नाही. ओठ, पापण्या अशा मऊ जागी हेच पाणी जरा खोल साठतं, म्हणून तिथे गांधी न दिसता सूज दिसते. ती उतरायला दोन-तीन दिवस लागतात.

एक गांधी 24 तासांच्या आत आपोआप जाते. माझ्या मते या आजाराबद्दलचे बहुतेक गैरसमज या एका गोष्टीतून जन्मले आहेत. तुम्ही आमसुलाचं पाणी अंगाला लावा, गेरू चोळा, घोंगडी पांघरून बसा, खायचा सोडा लावा, अंगारा लावा, तीन तासांनी गांधी जाणारच, आणि श्रेय त्या उपायाला मिळतं. उलट बाजूने, गांध्या रोज संध्याकाळी येतात आणि दुपारी आपण रोज काहीतरी खाल्लेलं असतंच. मग आज वांग्यावर आळ, उद्या डाळीवर, परवा दह्यावर. हा संशय संपत नाही. बायका वाळत जातात, हिमोग्लोबिन उतरतं, आणि गांध्या मात्र वेळेवर हजर.

खानदेशात वांग्याचं सगळ्यात वाईट होतं. हिवाळ्यात भरीत-भाकरीशिवाय गाव नाही, त्यामुळे ज्याला पित्त उठतं त्याने आदल्या दिवशी भरीत खाल्लेलंच असतं. वांग्यात थोडं हिस्टामिन असतं हे खरं, आणि काहींच्या जिभेला वांग्याने खाज सुटते हेही खरं. पण निरोगी आतडं ते हिस्टामिन मोडून टाकतं. चार महिने रोज उठणाऱ्या गांध्यांचं कारण वांगं असेल, तर वांगं सोडल्यावर त्या थांबायला हव्या होत्या. तुमच्या थांबल्या नाहीत. तुम्हीच प्रयोग करून उत्तर काढलं आहे, फक्त कोणी ते तुम्हाला वाचून दाखवलं नाही.

खाण्याची खरी ॲलर्जी वेगळी वागते. दाणे, अंडं, मासे, कोळंबी, ज्याची असेल ती खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत उठते. दर वेळी उठते, आणि तो पदार्थ बंद केला की बंद होते. अशा माणसाला डॉक्टरांनी कारण शोधून द्यावं लागत नाही, दुसऱ्या खेपेला त्यालाच कळतं. सहा आठवड्यांच्या आतला पित्ताचा झटका असेल तर अन्न, औषध, कीटकदंश, आणि मुलांमध्ये मुख्यतः सर्दी-तापाचा विषाणू, ही कारणं बघावी लागतात. पण सहा आठवडे उलटून गेले, रोज किंवा दिवसाआड येतंय, तर त्याला आम्ही जुनाट पित्त म्हणतो, आणि त्यात अन्नाची ॲलर्जी हे कारण क्वचितच निघतं. तिथे बहुतेकांत शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच मास्ट पेशींना डिवचत असते. म्हणूनच थायरॉइडचा आजार असलेल्यांत हे जास्त दिसतं, आणि बायकांत पुरुषांच्या दुपटीने दिसतं.

त्या सतरा 'पॉझिटिव्ह' पदार्थांचा कागद घडी करून ठेवून द्या. त्या तपासणीत एवढंच कळतं की तुमच्या रक्तात त्या पदार्थाला ओळखणारं प्रथिन थोडंफार आहे. ओळख असणं आणि भांडण असणं या दोन गोष्टी वेगळ्या. जो पदार्थ तुम्ही वर्षानुवर्षं खाऊन पचवला, तो कागदावर लाल दिसला म्हणून सोडू नये. जुनाट पित्तासाठी खरं तर थोड्याच तपासण्या लागतात: साधं रक्त, अंगात कुठे दाह आहे का हे दाखवणारं ईएसआर किंवा सीआरपी, आणि थायरॉइड, त्यात टीपीओ अँटिबॉडी, म्हणजे शरीराने स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध तयार केलेलं प्रथिन. बाकी तपासण्या लक्षणं पाहून. पोटात जंत असण्याची शंका असेल, शेतात अनवाणी काम असेल, तर शौचाची तपासणी करतो. सरसकट हजारो रुपयांच्या यादीची गरज नसते.

त्यापेक्षा तुमच्या बोलण्यातला एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो: नाडीच्या जागी उठतं. काहींच्या कातडीला घासणं, दाबणं, थंडी, ऊन, घाम यांपैकी एखादी गोष्ट चालत नाही. पेनाच्या मागच्या टोकाने हातावर रेघ ओढा. दहा मिनिटांत तिथे दोरीसारखी फुगीर रेघ उठली तर घासण्याचं पित्त आहे. नाडी सैल करा, परकराऐवजी रुंद पट्टा वापरा, टॉवेलने अंग रगडू नका. जुनाट पित्तासोबत हे जोडीला असू शकतं.

दाबाचं पित्त ओळखायला कठीण, कारण ते उशिरा उठतं. रावेरकडचे एक केळी वाहणारे कामगार माझ्याकडे आले होते. रात्री खांदा आणि तळवे सुजायचे, चालता यायचं नाही. त्यांना वाटायचं केळीच्या चिकाची ॲलर्जी. पण चीक हाताला लागायचा आणि सूज खांद्यावर यायची, जिथे घड टेकायचा, आणि तीही ओझं उतरवल्यावर पाच-सहा तासांनी. खांद्यावर जाड गादी, चपलेऐवजी मऊ तळाचे बूट आणि औषध, यावर त्यांचं काम चालू राहिलं. ते काम सोडून घरी बसले असते, तर घर कसं चाललं असतं, हा विचार मला अजून येतो.

घामाचं पित्त तरुणांत. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी मुलं सांगतात की दुसऱ्या फेरीला छाती-पाठीवर घामोळ्यासारखे बारीक, टाचणीच्या डोक्याएवढे पुरळ येतात, टोचतात, आणि तासाभरात जातात. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या वर जातो तेव्हा यांचे हाल विचारू नका. आणि थंडीचं पित्त मात्र गमतीने घेऊ नका. अशा माणसाने विहिरीत किंवा नदीत उडी मारली तर सगळ्या अंगातून एकदम हिस्टामिन सुटून रक्तदाब कोसळू शकतो, आणि तो पाण्यातच बेशुद्ध होऊ शकतो. शंका असेल तर बर्फाचा तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाच मिनिटं हातावर ठेवा, काढल्यावर दहा मिनिटांनी पाहा. तिथे गांधी उठली तर आधी डॉक्टर, पोहणं नंतर.

आता गोळीबद्दल. तुमचं दुखणं का आटोक्यात येत नाही याचं सगळ्यात मोठं कारण मला इथे दिसतं.

एसटीत जागा कशी धरतात? गाडी फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल टाकायचा. आधी रुमाल पडला तर जागा आपली. दुसरा माणूस बसून गेल्यावर रुमाल टाकून उपयोग नाही. हिस्टामिनचं तसंच आहे. रक्तवाहिनीवर त्याला बसायला ठरावीक जागा असतात. गोळी आधी जाऊन त्या जागा धरते. गांध्या उठल्यावर, म्हणजे हिस्टामिन बसून गेल्यावर घेतलेली गोळी त्याला उठवू शकत नाही. ती फक्त पुढच्या हिस्टामिनला अडवते. म्हणून खाज असो नसो, रोज एकाच वेळी गोळी घ्यायची. तुमच्या गांध्या संध्याकाळी येतात, तर दुपारी तीन-चारच्या सुमाराला ठेवा. 'आज बरं वाटतंय म्हणून नाही घेतली' असं करू नका. गोळी घेतली म्हणून बरं वाटत असतं.

गोळ्या कोणत्या? सेट्रिझिन 10 मिलिग्रॅम, लेव्होसेट्रिझिन 5, फेक्सोफेनाडिन 180, लोराटाडिन 10, डेसलोराटाडिन 5, बिलास्टिन 20, यांपैकी एक. या नव्या पिढीच्या गोळ्या आहेत. एव्हिल किंवा क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते. त्या खाऊन ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवू नये, फवारणीला जाऊ नये, आणि जुनाट पित्ताला रोज त्या देऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. सेट्रिझिननेही काहींना पेंग येते. तसं झालं तर बदलून घ्या. बिलास्टिन रिकाम्या पोटी, खाण्याच्या तासभर आधी किंवा दोन तास नंतर. ती आणि फेक्सोफेनाडिन पाण्यासोबतच घ्या, फळांच्या रसासोबत नको. किडनीचा त्रास असेल तर सेट्रिझिन, लेव्होसेट्रिझिनचा डोस कमी करावा लागतो, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. दिवस गेले असतील तर घाबरून सगळं बंद करू नका. लोराटाडिन आणि सेट्रिझिन गरोदरपणात बराच काळ वापरात आहेत, पण डॉक्टरांना विचारूनच.

एका गोळीने दोन ते चार आठवड्यांत पुरेसा फरक नाही पडला, तर त्याच गोळीचा डोस दुप्पट, गरज पडली तर चौपटीपर्यंत वाढवतात. ऐकून लोक दचकतात. पण जुनाट पित्तात ही जगभर मान्य असलेली पद्धत आहे. मात्र हा डोस डॉक्टरांनी वाढवायचा, मेडिकलवाल्याला विचारून आपण नाही. त्यानेही आटोक्यात आलं नाही तर ओमॅलिझुमॅब नावाचं इंजेक्शन आहे, दर चार आठवड्यांनी 300 मिलिग्रॅम, कातडीखाली. महाग आहे, पण ज्यांचं वर्षानुवर्षं थांबत नव्हतं अशा अनेकांना त्याने झोप परत मिळाली आहे. त्याच्याही पुढे सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे, त्यात रक्तदाब आणि किडनीवर नजर ठेवावी लागते. धुळे, जळगाव आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पैशांमुळे उपचार अडू देऊ नका, तिथल्या त्वचारोग विभागात दाखवा.

आणि ते इंजेक्शन, ज्याने चार दिवस बरे जातात. ते बहुधा डेक्सामेथासोन असतं, म्हणजे स्टेरॉइड. जीव घाबरा करणारा झटका असेल तेव्हा थोड्या दिवसांसाठी ते द्यावं लागतं, आम्हीही देतो. पण दर पंधरवड्याला ते घेत राहिलं तर साखर वाढते, रक्तदाब चढतो, हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजतो, मोतीबिंदू लवकर येतो, आणि इंजेक्शनचा असर ओसरला की गांध्या पुन्हा उसळतात. तालुक्याच्या बाजारात बिनलेबलच्या पुड्या मिळतात, 'जडीबुटी' म्हणून. दोन दिवसांत चमत्कार झाला तर जास्त सावध व्हा, अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं.

घरचे उपाय करावेत की नाही? आमसुलाच्या पाण्याने अंग पुसलं तर गार वाटतं, नुकसान नाही, खुशाल करा. थंडीचं पित्त नसेल तर गार पाण्याची पट्टी, कॅलामाइन लोशन, सुती सैल कपडे, कोमट पाण्याने अंघोळ, हे चांगलं. घोंगडी मात्र नको. खरबरीत लोकरीने घासतं आणि ऊब वाढते, दोन्हीने खाज भडकते. आजीचं मन मोडायला नको म्हणून पायाशी ठेवा, अंगावर नको.

आहारापेक्षा औषधांवर जास्त संशय घ्या, हे मी प्रत्येकाला सांगतो. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पाळीच्या दुखण्यासाठी घेतात ती मेफेनॅमिक ॲसिड, या वेदनाशामक गोळ्यांनी जुनं पित्त बऱ्याच जणांत चवताळतं. ताई, मागच्या चार महिन्यांत ओठ सुजला त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी यांपैकी काही घेतलं होतं का, आठवून पाहा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर मात्र स्वतःहून बंद करू नका. घरातल्या मोठ्यांसाठी आणखी एक गोष्ट: रक्तदाबासाठी रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारखी गोळी चालू आहे आणि खाज-गांध्या काही नसताना नुसता ओठ किंवा जीभ सुजते, तर लगेच त्या डॉक्टरांकडे जा. ही सूज गोळी सुरू केल्यावर महिन्यांनी, वर्षांनीही येऊ शकते, आणि ती पित्ताच्या गोळ्यांना जुमानत नाही.

प्रत्येक लाल खाज म्हणजे पित्त नव्हे, हेही सांगायला हवं. सातपुड्याच्या बाजूला खाजकुइलीची कुसं लागून येणारे असतात. ती खाज मुख्यतः हिस्टामिनची नसते, म्हणून पित्ताच्या गोळीने फारशी जात नाही. चिकटपट्टीने कुसं काढून धुवावं लागतं. बिब्ब्याचं तेल लागलं तर फोड येतात आणि आठवडाभर राहतात. गाजरगवताने चेहरा-मानेची कातडी जाड, काळी पडते. गच्चीवर झोपलेल्या लेकरांच्या पायावर ददोरे दिसतात, मधोमध टोचल्याचं टिंब, दोन-चार दिवस राहणारे, ते डास-पिसवा-ढेकणांचे. ओळखायची युक्ती सोपी आहे. एका गांधीभोवती पेनाने गोल काढा, वेळ लिहा. 24 तासांनी गोलाच्या आत काही नसेल तर ते पित्त. आत तीच गांधी तशीच असेल, खाजेपेक्षा आग जास्त होत असेल, आणि जाताना जांभळा डाग ठेवत असेल, तर रक्तवाहिन्यांना सूज आल्याची शंका घ्यावी लागते. तिथे कातडीचा बारीक तुकडा तपासतात.

घाबरण्याची वेळ कोणती तेही नीट लक्षात ठेवा, घरातल्यांनाही सांगून ठेवा. गांध्यांसोबत श्वास लागला, आवाज घोगरा झाला, घशाला आवळल्यासारखं वाटलं, जीभ सुजली, एकदम उलट्या झाल्या, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारलं, तर हे साधं पित्त नाही. 108 ला फोन करा किंवा जवळची गाडी काढा. चक्कर असेल तर आडवं करून पाय उंच करा, दम लागला असेल तर बसवा, उभं करून चालवत नेऊ नका. अशा वेळी जीव वाचवणारं औषध म्हणजे मांडीच्या स्नायूत दिलेलं ॲड्रेनालिन. पित्ताची गोळी किंवा स्टेरॉइड त्याची जागा घेऊ शकत नाही. तुमच्यासारखं रोज येणारं जुनाट पित्त सहसा या थराला जात नाही, तेवढा दिलासा ठेवा.

काळजीने पित्त होत नाही, पण असलेलं वाढतं. घरात लग्न, पीक हातचं गेलं, मुलाची दहावी, अशा दिवसांत गांध्या जास्त येतात, हे मी दर वर्षी पाहतो. त्याला 'मनाचे खेळ' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. गांधी खरी असते, खाजही खरी असते.

तर आता असं करा. एक वही घ्या. रोज रात्री दोन आकडे लिहा. गांध्या नाहीत तर 0, वीसपेक्षा कमी तर 1, वीस ते पन्नास तर 2, त्याहून जास्त तर 3. खाज नाही तर 0, थोडी तर 1, मध्यम तर 2, झोप मोडणारी तर 3. आठवड्याची बेरीज जास्तीत जास्त 42 होते. शेजारी पाळी, ताप, वेदनाशामक गोळी यांची नोंद. गांध्यांचे मोबाइलवर फोटो काढा, कारण दवाखान्यात याल तेव्हा अंग साफ असेल. दोन आठवडे रोजची गोळी घेऊन ही वही त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, पुढचा डोस त्यावरूनच ठरतो. गांध्या पूर्ण थांबल्या तरी दोन-तीन महिने गोळी चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात, एकदम बंद नाही.

आणि खाणं परत सुरू करा. तूरडाळ आजपासून, कारण बरेच दिवस तुमच्या ताटात वरण नाही. तीन दिवसांनी दही, मग अंडं, मग दाणे. प्रत्येक नव्या पदार्थाची तारीख वहीत लिहा. मात्र यांपैकी कशाने पूर्वी खाल्ल्याबरोबर ओठ-जीभ सुजली असेल किंवा दम लागला असेल, तर तेवढा एक पदार्थ डॉक्टरांसमोरच. वांगं शेवटी ठेवा, म्हणजे घरातल्यांचाही धीर होईल. भरीत झाल्यावर त्या रात्रीचे दोन आकडे आदल्या आठवड्याच्या आकड्यांशेजारी मांडा आणि सासूबाईंना दाखवा.